पावसाळा आला की नॅनोडायमंडच्या चकत्यांना पापुद्रे सुटतात, हा प्रॉब्लेम कोणाला येतोय का? आमचा कसा सुटला ते सगळं लिहितोय

भोसरीला आमचं छोटं युनिट आहे, सहा अँव्हिलचा क्युबिक प्रेस आहे, म्हणजे सहा बाजूंनी सहा ठोकळे एकदम दाबतात असं मशीन, आणि गेली काही वर्षं आम्ही नॅनोडायमंडची, म्हणजे हिऱ्याच्या अतिबारीक कणांची, पावडर दाबून भाजून तिच्या घट्ट चकत्या करायच्या मागे लागलोय. चकती म्हणजे साधारण ८ मिलिमीटर व्यास आणि ३ मिलिमीटर जाडी, एवढीशीच. मोठ्या दाण्याच्या पीसीडी (हिऱ्याचे दाणे एकत्र चिकटवून केलेल्या) टिप्स चाकणकडे अ‍ॅल्युमिनियमच्या कामाला भरपूर लागतात, पण त्यांची धार जवळून बघितली तर दाण्याएवढ्या खाचा दिसतात, दाणा बारीक झाला तर धार बारीक होईल म्हणून हा खटाटोप. आता प्रॉब्लेम असा की मार्च ते मे चकत्या बऱ्या निघायच्या, जूनचा शेवट आला की कॅप्सूल (पावडर भरलेला धातूचा बंद कप) उघडल्यावर चकती हातात यायची ती तीन-चार पापुद्र्यांत, खारी बिस्किटासारखी, आणि कधी कधी वरची टोपी अख्खी वेगळी. दसऱ्यानंतर परत आपोआप ठीक. सलग तीन वर्षं असं झालं तरी पावसाचा आणि याचा संबंध आहे हे आमच्या लक्षात यायला तिसरं वर्ष उजाडलं, कारण दर वेळी आम्ही मधेच काहीतरी बदललेलं असायचं आणि ऑक्टोबरात सुधारलं की श्रेय त्या बदलाला जायचं.

आधी आम्ही काय केलं ते सांगतो, कारण बहुतेक जण हेच करतात. चकती सुटते म्हणजे दाबली नीट गेली नाही, म्हणजे लोड वाढवा. ऑइलचं प्रेशर वाढवत नेलं, एक टंगस्टन कार्बाइडचा अँव्हिल फुटला, आवाज असा आला की शेजारच्या शेडमधली माणसं धावत आली. पापुद्रे तसेच. मग तापमान वाढवलं तर चकत्या अजून बिघडल्या, आता पापुद्र्यांवर बोट फिरवलं तर शिसपेन्सिलीसारखा काळा डाग बोटाला. मग पावडरचा सप्लायर बदलला. तेव्हा नेमका ऑक्टोबर होता, चकत्या छान आल्या आणि आम्ही आठ महिने समाधानात होतो.

सुगावा लागला तो वजनकाट्यावर. जुलैमधली सकाळ, बाहेर झिमझिम चालू, मी ओव्हनमधून काढून गार केलेली पावडर काट्यावर ठेवली आणि आकडा थांबेचना. चौथा दशांश पळतोय, मग तिसरा पळतोय, आणि पळतोय तो वरच. आधी वाटलं काटा बिघडला, वारा लागतोय, दारं बंद केली, शेवटी काट्याचं स्टँडर्ड वजन ठेवून बघितलं तर ते एकदम स्थिर. परत पावडर ठेवली, परत आकडा वर चढायला लागला. म्हणजे काटा बरोबर होता, पावडर आमच्या डोळ्यांसमोर हवेतलं पाणी पीत होती. त्या दिवशी मी जुन्या वह्या काढल्या आणि तारखा लावून बघितलं, खराब चकत्यांचे लाल शेरे सगळे पावसाच्या महिन्यांत.

ही पावडर एवढं पाणी का पिते हे समजून घेतल्याशिवाय पुढचं पटणार नाही म्हणून जरा हिशोब मांडतो. आम्ही वापरतो तो डिटोनेशन नॅनोडायमंड, म्हणजे टीएनटी आणि आरडीएक्स बंद टाकीत उडवून त्यातल्याच कार्बनपासून मिळणारा, १९६३ साली सोव्हिएत युनियनमध्ये पहिल्यांदा सापडला तो. मूळ कण ४ ते ५ नॅनोमीटर. हिऱ्याची घनता ३.५१ धरली आणि कण ५ नॅनोमीटरचा गोल धरला तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग साधारण ३४० चौरस मीटर येतो. बॅडमिंटनचे नियम ज्या गावात बसले त्या पुण्यातल्या माणसाला सांगायचं तर चार बॅडमिंटन कोर्ट, एका ग्रॅममध्ये! आता या चार कोर्टांवर पाण्याच्या रेणूंचा फक्त एक थर पसरला तरी त्याचं वजन ग्रॅममागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. प्रत्यक्षात कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झालेल्या असतात, सगळा पृष्ठभाग पाण्याला मिळत नाही, त्यामुळे एवढं होत नाही, पण वजनाच्या चार-पाच टक्के पाणी अजिबात अशक्य नाही. वर आणि या कणांच्या पृष्ठभागावर अ‍ॅसिडने धुताना बसलेले ऑक्सिजनवाले गट असतात, कार्बॉक्सिल, हायड्रॉक्सिल वगैरे, त्यांना पाणी फार आवडतं.

आमच्या एका चकतीत अर्धा ग्रॅम पावडर जाते. पाच टक्के पाणी म्हणजे २५ मिलिग्रॅम. साध्या दाबाला १०० अंशावर याची वाफ केली तर चाळीसेक मिलिलिटर होते आणि चकतीचं स्वतःचं आकारमान आहे जेमतेम ०.१५ मिलिलिटर. हे सगळं आपण बंद कॅप्सूलमध्ये कोंडतो, १४०० अंशांना तापवतो, तिथे पाणी आणि कार्बन मिळून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनसुद्धा तयार होतो, पृष्ठभागावरचे गट तुटून त्यांचा वेगळा वायू येतो, आणि मग आपण दाब सोडतो. वरून दाब आहे तोपर्यंत हे सगळं मुकाट बसलेलं असतं, दाब उतरायला लागला की ते जागा शोधतं, आणि चकतीत जी पातळी सर्वात कच्ची असेल तिथून उचकटतं. म्हणून पापुद्रे. म्हणून लोड वाढवून काही फायदा नाही, कारण भांडण दाब चढताना नाहीये, उतरताना आहे.

आता दुसरा भाग, आणि मला वाटतं खरा गाभा हा आहे. वायू नुसता उचकटत नाही, तो दाणे एकमेकांना चिकटूच देत नाही. मोठ्या दाण्याची पावडर, समजा १० मायक्रॉनची, थंडच दाबली की दाणे कुरकुरत फुटतात, त्यांचे तुकडे फटीत जाऊन बसतात आणि पॅकिंग चांगलं होतं. पाच नॅनोमीटरचा दाणा असा फुटत नाही. तो शेजाऱ्याला टेकून कमान करून उभा राहतो, तशा अब्जावधी कमानी, आणि कमानीखाली पोकळी. बाहेर गेजवर हिशोबाने साडेपाच गिगापास्कल आहे पण त्या पोकळीच्या आतल्या भिंतीला तो दाब पोचलेलाच नाही, तिथे आहे तो फक्त अडकलेल्या वायूचा दाब. हिरा उच्च तापमानाला हिरा म्हणून टिकतो तो दाबामुळे, आणि पोकळीच्या भिंतीवर दाब नाही, तापमान मात्र पूर्ण आहे, मग ती भिंत ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं असतं तो मऊ कार्बन, व्हायला लागते. बोटाला लागलेला काळा डाग हाच. ग्राफाइटची घनता २.२६ च्या आसपास, म्हणजे हिऱ्याचा ग्राफाइट झाला की तेवढाच कार्बन दीडपटीहून जास्त जागा मागतो, त्यामुळे आतून ताण येतो तो वेगळाच. तापमान वाढवल्यावर आमच्या चकत्या का बिघडल्या ते इथे कळलं.

म्हणजे काम दोन, पावडरमधलं पाणी आणि वायू आधीच बाहेर काढणे, आणि काढल्यावर परत आत न येऊ देणे. पहिलं आम्ही आधीपासून करत होतो, ओव्हनमध्ये १२० अंशाला रात्रभर, आणि स्वतःला शहाणे समजत होतो. दुसऱ्याकडे लक्षच नव्हतं. भाजलेली पावडर आम्ही उघड्यावर तोलायचो, उघड्यावर कपात भरायचो, हँड प्रेसला न्यायचो, मधे चहा व्हायचा. तोपर्यंत रात्रभराची मेहनत पाण्यात.

सध्या आम्ही असं करतो. पावडर आली की आधी हवेतच ४२५ अंशाला काही तास ठेवतो, पातळ थर पसरून, यात कणांवरचा ग्राफाइटसारखा मऊ कार्बन जळून जातो आणि हिरा राहतो, पावडरचा रंग काळपटवरून राखाडी होतो. इथे थर्मोकपल (तापमान मोजायची तार) पावडरजवळ पाहिजे, फर्नेसच्या भिंतीजवळ नको, कारण ४५० च्या वर गेलात तर हिराही जळायला लागतो आणि पावडरमध्ये लोखंड वगैरे राहिलं असेल तर अजून लवकर. एकदा आमची निम्मी पावडर गायब झाली ती अशीच. त्यानंतर व्हॅक्यूम ट्यूब फर्नेस. पहिले दोन तास १५० अंशाला, मग हळूहळू ७०० पर्यंत, तिथे दोन-तीन तास. ८०० च्या पुढे आम्ही जात नाही, कारण व्हॅक्यूममध्ये ९०० च्या आसपासपासून पृष्ठभाग ग्राफाइट व्हायला लागतो, मग आपणच साफ करून आपणच घाण केली असं होईल. व्हॅक्यूम एकदम ओढू नका, पाणी उसळून बाहेर येताना पावडर उडवतं आणि ती सगळी पंपात जाते, व्हॉल्व्ह चतकोर उघडून सुरुवात करा आणि बोटीच्या, म्हणजे पावडर ठेवायच्या लांबट भांड्याच्या, तोंडाशी क्वार्ट्झ वूल लावा. अजून एक, पावडर सैल असतानाच भाजा. आम्ही काही दिवस आधी दाबून गोळी करायचो आणि मग भाजायचो, हाताळायला सोपं म्हणून, पण दाबलेल्या गोळीच्या आतला वायू बाहेर यायला फार वेळ घेतो, वरून कोरडी आतून ओली.

आणि थेट कॅप्सूलच्या नायोबियम धातूच्या कपात भरून ७०० ला भाजायचा शॉर्टकट घेऊ नका, मोह होतो खरा. सुटणारं पाणी आणि हायड्रोजन गरम नायोबियम शोषून घेतो आणि कप ठिसूळ होतो, नंतर प्रेसमध्ये तो चिरतो आणि बाहेरचं सगळं आत येतं. क्वार्ट्झच्या नाहीतर अ‍ॅल्युमिनाच्या बोटीत भाजा.

फर्नेस गार झाली की आर्गॉन सोडायचा आणि बोट झाकणबंद बाटलीतून आर्गॉनच्या ग्लोव्ह बॅगमध्ये (बाहेरून हात घालून काम करायची बंद पिशवी) न्यायची. ग्लोव्ह बॉक्स असेल तर उत्तमच, आमच्याकडे नाही, साधी प्लास्टिकची बॅग आहे आणि तिचंही काम होतं. तोलणं, कपात भरणं, छोट्या हँड प्रेसने दाबणं, उलटा कप झाकण म्हणून बसवणं, सगळं बॅगमध्येच. हँड प्रेस बॅगमध्ये मावेल एवढा वर्कशॉपमधून करून घेतला, यासाठी बरेच दिवस गेले पण सगळ्यात जास्त फरक पडला तो यानेच. कप-झाकण बसलं तरी ते हवाबंद नसतं, प्रेसमध्ये दाब आल्यावरच खरं बंद होतं, म्हणून तयार कॅप्सूल परत व्हॅक्यूममध्ये २०० अंशावर आणि तिथून सरळ प्रेसवर. मधे टेबलावर नाही.

पावडर कोरडी केली आणि तरी त्या वर्षी ऑगस्टात पुन्हा दोन चकत्यांना पापुद्रे आले. तेव्हा फार निराशा झाली होती. मग कॅप्सूलच्या बाहेर काय काय आहे ते एकेक बघायला लागलो. आमच्या सेलमध्ये, म्हणजे कॅप्सूलभोवतीच्या प्रेसमध्ये जाणाऱ्या जोडणीत, ग्राफाइट हीटरच्या आत मिठाची नळी असते, साधं सोडियम क्लोराइड दाबून केलेली, कारण मीठ दाब छान सगळीकडे सारखा पोचवतं. आणि पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं हे काय कोणाला सांगायला पाहिजे, घरोघरी मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात. ती नळी आम्ही महिनाभर आधी करून कपाटात ठेवत होतो. आणि सगळ्याच्या बाहेर पायरोफिलाइट नावाच्या मऊ दगडाचा ठोकळा, त्याची तर वेगळीच गोष्ट. त्याच्या पृष्ठभागावर पाणी बसतं ते आहेच पण त्याच्या रचनेतच वजनाच्या पाच टक्के पाणी बांधलेलं आहे, ते साधारण ५०० अंशाच्या पुढे सुटायला लागतं. हीटरला लागून असलेला भाग तेवढा तापतोच. आता मिठाच्या नळ्या १५० अंशावर ओव्हनमध्येच राहतात, लागेल तेव्हाच बाहेर येतात, पायरोफिलाइटचे ठोकळे आदल्या दिवसापासून ओव्हनमध्ये, आणि हीटर आणि पायरोफिलाइटच्या मधे आम्ही एक आधीच कडक भाजलेली बाही घालतो. बाहेरचा ठोकळा मात्र कडक भाजू नका, तो अँव्हिलच्या फटीत मऊ वाहून गास्केट, म्हणजे दाब आत कोंडणारं सील, व्हायला पाहिजे, फार भाजला तर कडक होतो, गास्केट नीट बसत नाही आणि ब्लोआउट होतो. ब्लोआउट म्हणजे गास्केट फुटून आतला सगळा दाब एका क्षणात बाहेर, तोफेसारखा. प्रेसच्या फटींसमोर लोड असताना कोणीही उभं राहायचं नाही, जाड स्टीलचं शील्ड लागलेलंच पाहिजे, याला आमच्याकडे अपवाद नाही, मालकालाही नाही.

दाबाबद्दल. गेजवर दिसतं ते ऑइलचं प्रेशर, सॅम्पलवरचा दाब नाही. तो काढायला कॅलिब्रेशन करावं लागतं, बिस्मथची तार घालून, तिचा रेझिस्टन्स २.५५ गिगापास्कलला एकदम पडतो, बेरियमचा ५.५ ला उडी मारतो, आणि या दोन-तीन खुणांवरून गेजचा आकडा आणि खरा दाब यांचा आलेख काढायचा. हा आलेख सरळ रेष येत नाही, वर जाल तसा वाकतो, म्हणजे जास्तीच्या ऑइल प्रेशरचा मोठा हिस्सा नुसत्या गास्केटमध्ये जातो. आणि हे कॅलिब्रेशन थंड असताना केलेलं असतं. तापवल्यावर हीटरजवळचा पायरोफिलाइट बदलून कायनाइट आणि कोइसाइट ही खनिजं होतो, ते जास्त घन आहेत, कमी जागा घेतात, म्हणजे नेमका तापमान सर्वात जास्त असताना आतला दाब हळूच उतरतो आणि गेज मात्र तोच आकडा दाखवत राहतो.

हे महत्त्वाचं का ते आकड्यात बघा. हिरा आणि ग्राफाइटची सीमारेषा साधारण अशी जाते की किलोबारमध्ये दाब बरोबर १९.४ अधिक तापमान भागिले ४०, तापमान सेल्सिअसमध्ये, आणि एक गिगापास्कल म्हणजे दहा किलोबार. म्हणजे ५.५ गिगापास्कलला तुम्ही १४२४ अंशापर्यंत हिऱ्याच्या बाजूला आहात. दाब नकळत ५ वर आला तर ही मर्यादा १२२४ वर येते, आणि तुम्ही तर १४०० वर बसलेले आहात. अर्ध्या गिगापास्कलने दोनशे अंश गेले. म्हणून आम्ही सीमारेषेला चिकटून काम करणं बंद केलं, दाब कॅलिब्रेशनने जेवढा येतो त्यातून अर्धा गिगापास्कल मनातून वजा करतो आणि उरलेल्याचं तापमान काढून त्याच्या खालीच राहतो, म्हणून कॅलिब्रेशनवर सहाच्या जवळ गेल्याशिवाय आता आम्ही १४०० ला हात लावत नाही.

चढायचा आणि उतरायचा क्रम सगळ्यांना माहीत असतो पण घाईत चुकतो म्हणून लिहितो. आधी पूर्ण दाब, थंड असताना, मगच हीटर. उतरताना आधी तापमान, मग दाब. हीटरची पॉवर आम्ही दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू खाली आणतो, एकदम बंद करत नाही, आणि पूर्ण गार झाल्यावर दाब उतरवायला किमान एक तास देतो, आणि त्यातही शेवटचा भाग सर्वात हळू. पूर्वी आम्ही सुरुवातीला हळू सोडायचो आणि गेज खाली आलं की आता काय राहिलंय म्हणून व्हॉल्व्ह उघडायचो. उलटं करा. पापुद्रे त्या शेवटच्या टप्प्यातच सुटतात, कारण तेव्हाच बाहेरचा दाब अडकलेल्या वायूच्या दाबाच्या खाली जातो.

लाइटचं पण बोलायला पाहिजे. आपल्याकडे गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, मेंटेनन्सला लाइट जाते हे ठरलेलं, पण पावसाळ्यात इतर दिवशीही कधीही जाते. लाइट गेली की हीटर बंद होतो आणि चकती काही सेकंदांत गार होते, हे वाईट आहे पण निदान दाब तसाच राहिला तर हिरा हिराच राहतो, फार तर तडा जातो. खरा घोळ होतो तो लाइट गेल्यावर व्हॉल्व्ह आपोआप उघडत असेल तर, किंवा लाइट परत आल्यावर हीटर आपोआप चालू होत असेल आणि पंप नाही तर. आमच्या पॅनेलमध्ये दुसरा प्रकार होता. आता इंटरलॉक असा आहे की दाब ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला तर हीटर चालूच होत नाही आणि लाइट आल्यावर माणसाने बटण दाबल्याशिवाय काही सुरू होत नाही. तुमच्या इलेक्ट्रिशियनकडून हे आजच तपासून घ्या.

चकती बाहेर आल्यावर नक्की काय बिघडलंय ते ओळखायचं कसं. रंगावर जाऊ नका, नॅनोडायमंडची चकती चांगली असली तरी काळीच दिसते, आम्ही पहिल्या वर्षी कितीतरी चांगल्या चकत्या काळ्या म्हणून फेकल्या असतील. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला साधा मल्टिमीटर घ्या. हिरा वीज वाहत नाही, ग्राफाइट वाहतो. चकती १५० अंशावर वाळवून, गार करून, दोन्ही बाजूंना प्रोब टेकवा, रेंजच्या बाहेर दाखवत असेल तर चांगलं, काही किलोओहम किंवा त्याहून कमी दाखवत असेल तर आत ग्राफाइटचं जाळं झालंय. वाळवून का, तर ओली चकतीसुद्धा थोडी वीज वाहते आणि पावसाळ्यात फसवते. ही टेस्ट फक्त बाइंडर (दाणे जोडायला मिसळलेला पदार्थ) नसलेल्या चकतीला चालते, कोबाल्ट घातला असेल तर धातूच वीज वाहणार. मल्टिमीटरने शंका आली की मग एक्सआरडीला (एक्स-रे टाकून पदार्थ ओळखायची तपासणी) द्या, कॉपर ट्यूबवर २६.५ अंशाला ग्राफाइटची रेष उठते आणि ४३.९ ला हिऱ्याची.

तड्याची दिशा पण खूप सांगते. तडे चकतीच्या सपाट बाजूला समांतर असतील तर वायू किंवा घाईने सोडलेला दाब. मधून कडेकडे किरणांसारखे जात असतील आणि खाली कार्बाइडचा पाया असेल तर ते गार होतानाचे आहेत, कार्बाइड हिऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आकसतो, तिथे पावडर वाळवून उपयोग नाही, गार करायचा वेग आणि मधला थर बघावा लागेल. कडा बोटाने भुरभुरत असतील आणि मध्य घट्ट असेल तर तो तापमानाचा फरक आहे, हीटरची टोकं थंड राहतायत.

कोबाल्टवरून एक सांगायचं राहिलं. पुष्कळ जण मोठ्या दाण्याच्या पीसीडीची पद्धत तशीच उचलतात, म्हणजे पावडरच्या खाली कोबाल्टवाला कार्बाइड ठेवायचा आणि वितळलेला कोबाल्ट आपोआप वर चढेल अशी वाट बघायची. मायक्रॉनच्या पावडरीत तो चढतो. नॅनोच्या फटी इतक्या बारीक की तो थोडं आत जाऊन अडकतो, खालचा थर घट्ट आणि वरचा तसाच कच्चा, आणि मग त्या सांध्यावरून टोपी सुटते. हा पापुद्रा दिसायला वायूच्या पापुद्र्यासारखाच असतो पण नेहमी एकाच उंचीवर येतो, ही ओळख. शिवाय जिथे कोबाल्ट पोचतो तिथे तो बारीक दाणे विरघळवून त्यांचे मोठे दाणे करून ठेवतो, मग नॅनोचा फायदा काय राहिला. बाइंडर घालायचाच तर पावडरीत आधीच सगळीकडे सारखा मिसळा आणि कमीत कमी घाला. आम्ही सध्या सिलिकॉन मिसळून बघतोय, तो हिऱ्याशी मिळून सिलिकॉन कार्बाइड करतो आणि कोबाल्टसारखा पुढे गरम झाल्यावर हिऱ्याचा ग्राफाइट करायला मदत करत नाही.

आणि बाइंडरशिवाय पूर्ण घट्ट, पारदर्शक, त्या जपानी नॅनो-पॉलिक्रिस्टलाइन हिऱ्यासारखी चकती सहा गिगापास्कलच्या मशीनवर यायची अपेक्षा ठेवू नका. एहिमे विद्यापीठातल्या इरिफुने यांनी २००३ मध्ये दाखवलेला तो हिरा पावडर चिकटवून केलेला नाहीच, तो ग्राफाइटचं सरळ हिऱ्यात रूपांतर करून केला, १२ गिगापास्कलच्या वर आणि २३०० अंशाच्या पुढे. तिथे पोकळीचा प्रश्न येत नाही कारण सुरुवातच घट्ट ठोकळ्याने होते. आमची चकती त्याच्या जवळपास नाही, पण सारखी निघाली, पापुद्रे न येता निघाली, तर धार लावण्याइतकी ती नक्की होते आणि ती आता जुलैमध्येही होते.

शेडमध्ये तपासणी म्हणून आम्ही एक सोपी गोष्ट ठेवलीये, ती आजपासूनही करता येईल. ग्लोव्ह बॅगमध्ये भरायच्या आधी भाजलेल्या पावडरीतली चिमूटभर मुद्दाम बाहेर काढून उघड्या काट्यावर ठेवायची आणि पहिल्या पाच मिनिटांचा आकडा वहीत लिहायचा. आकडा भराभर चढला म्हणजे भाजणं व्यवस्थित झालंय, पावडर तहानलेली आहे. आकडा जागचा हललाच नाही तर ती आधीच प्यायलेली आहे, बोट परत फर्नेसमध्ये ठेवायची आणि त्या दिवशी प्रेस चालवायचा नाही.